फोमवरचं गवत

३ मार्च

आज टेंपो आला. उतरवून घेतलं ते असं: हिरव्या प्लास्टिक गवताचे रोल चार, ६१,२००. जोडपट्टीच्या गुंडाळ्या दोन, १,४००. गोंदाचे डबे सहा, ३,९००. लांब खिळ्यांची पेटी, ६५०. सुऱ्या आणि पाती, ४८०. हमाली ३००, मागितले होते पाचशे. शिवाय हे नोकरीला होते त्या बंद पडलेल्या दुकानाच्या मालकाकडून गालिच्याखाली घालायचा फोम, अकरा गुंडाळ्या, पाव किमतीत २,७५०. ती घासाघीस माझी. एकूण ७०,६८०. सगळं पुढच्या खोलीत रचलंय, त्यामुळे देवाजवळ आता अंग चोरून जावं लागतं.

तीस वर्षं हे लोकांच्या घरी गालिचे अंथरत आले. हिवाळ्यात दुकानाला टाळं लागलं, तेव्हापासून घरी आहेत. नुसते बसतात. उजवा हात मांडीवर, आणि अंगठा बोटावर असा फिरवत राहतात की जणू काही मळतायत. बोटांना कामाची सवय, त्यांना कुठलं स्वस्थ बसवतंय!

आता कुत्री पाळणाऱ्यांच्या अंगणात हे गवत घालायचं. कुत्रं एकाच जागी मुततं, तिथलं खरं गवत जळून पिवळं पडतं. उरलेलं ते उकरतं आणि चिखलाचे पाय घेऊन गादीवर चढतं. हे गवत जळत नाही, उकरलं जात नाही. देवाने केलेलं सोडून प्लास्टिकचं विकायचं हे मनाला जरा टोचलं, पण रिकामे हात त्यालाही आवडत नसणार. हात रिकामे राहिले की हा माणूस आतून आटतो, हे मी या चार महिन्यांत पाहिलंय. माळ ओढताना एवढंच मागितलं: याच्या हाताला काम राहू दे. कमी-जास्त मी बघून घेईन.

९ मार्च

पहिलं अंगण झालं. गिऱ्हाईक शाळेतल्या मास्तरीणबाई. त्यांची दोन कुत्री, एक काळं धिप्पाड आणि एक पांढरं, माझ्या लोकरीच्या गुंड्याएवढं. आधी माती उपसली, खडी पसरली, धुमसाने ठोकली, वर बारीक दगडी चुरा टाकला. मग अडलं. गवत विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं होतं, "कुत्र्यांसाठी असेल तर खाली नुसती खडी हवी. गवताच्या पाठीला भोकं आहेत, त्यातून मूत खाली जमिनीत गेलं पाहिजे. मध्ये काही घालू नका."

यांनी फोन ठेवला. "कालचं पोर. अगं, पाय ठेवला की खडी टोचते. खाली फोम नसेल तर त्याला अंथरणं म्हणत नाहीत, फेकणं म्हणतात."

मी म्हटलं, "आणि फोम पडूनच आहे की आपला."

"बघ! दहावी पास बाईला कळतं, त्याला कळत नाही."

मग फोम घातला, त्यावर गवत. मास्तरीणबाई अनवाणी चालून म्हणाल्या, "अय्या, गादीच की!" हे घरी आले ते सांगत आले. फक्त एका सांध्यात फट राहिली. सुरी हलली म्हणाले. तीस वर्षांत यांची सुरी हललेली मी ऐकली नव्हती. पाती बदलायला हवीत, स्वस्तातली घेतली होती.

२१ मार्च

तीन अंगणं झाली. एक वकीलसाहेबांचं, एक जनावरांच्या डॉक्टरांचं. दोन सांगून आलेत.

पावतीवरचं यांचं अक्षर हल्ली फार बारीक होतं. ओळ सुरू होते मुगाएवढी आणि संपते मोहरीएवढी. मी म्हटलं, बरं आहे, पावतीपुस्तक पुरतं.

शेजारच्या शिंपीणबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काय हो, तुमचे साहेब हसायचे बंद झाले का? काल मी एवढा विनोद केला, तोंडावरची माशी हलली नाही."

मी म्हटलं, "धंदेवाल्याने हसून चालत नाही. हसला की लोक उधारी मागतात."

१६ एप्रिल

ऊन तापलंय. मास्तरीणबाईंचा फोन आला, अंगणाला वास येतो. मी म्हटलं, बाई, कुत्र्याचं अंगण, अत्तराचा यायचा का? पण यांना सांगितलं. हे लगेच गेले. गुडघ्यांवर बसून, गवताला नाक लावून, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगलं म्हणे. काही नाही. "नाक मुरडायची सवय असते काही बायकांना," म्हणाले. "काळं कुत्रं मात्र सारखं एकाच ठिकाणी उकरतंय. वेडं आहे."

यांनी कधी कामात खोट ठेवली नाही. मी मास्तरीणबाईंना फोन करून स्पष्टच सांगितलं, "आमच्या यांनी स्वतः तपासलंय."

पाचवं अंगण उद्या संपेल. फोमच्या तीनच गुंडाळ्या उरल्यात.

२८ एप्रिल

वकीलसाहेबांनी उरलेले पैसे अडवले. फोनवर म्हणाले, "तुमच्या गवताला मुतारीचा वास येतोय."

हे म्हणाले, "साहेब, कुत्रं तुमचं आहे."

तिथं जाऊनही हुंगून आले. काही नाही. मला वाटतं, पैसे बुडवायची ही नवी तऱ्हा निघालीय. एकाने ओरड केली की दुसऱ्याला सुचते.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. यांची कामाची पँट धुवायला काढली तर गुडघ्यांशी असा दर्प की डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "अहो, हे काय?"

"काय?"

"वास!"

पँट नाकाशी धरली नि म्हणाले, "घाम आहे."

घाम तो नव्हे. पण माणसाला आपल्या कामातली खोट कबूल करायला वेळ लागतो. मी साबण दोनदा लावला.

११ मे

आज रागातच लिहायला बसले.

मास्तरीणबाईंनी मला मुद्दाम बोलावलं. "तुम्ही या. त्यांना नका पाठवू, तुम्ही या." आम्ही दोघं गेलो. फाटकाशीच कळलं. ऊन वर आलेलं, आणि त्या हिरव्यागार अंगणातून असा भपकारा उठत होता की मी पदर नाकाला लावला. मास्तरीणबाई खिडक्या लावून घरात कोंडून घेतल्यासारख्या राहतायत. पांढरं कुत्रं पायरीवर बसलं होतं, गवतावर पाऊल टाकायला तयार नाही. बाई रागावल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "मी काही मागत नाही. फक्त मला वेड लागलेलं नाही एवढं तुमच्या तोंडून ऐकायचंय."

आणि हे? हे गुडघ्यांवर बसले. गवताला गाल टेकवला, डोळे मिटले, देवळात टेकवतात तसं. लांब श्वास घेतला. उठले आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "स्वच्छ आहे."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तीस वर्षं या माणसाच्या शब्दावर मी लोकांशी भांडले. घरी आलो. दार लावलं आणि म्हटलं, "खोटं बोलताना जीभ कशी झडत नाही हो तुमची? माझ्यादेखत? त्या बाईदेखत?"

"मी खोटं बोललो नाही."

"मग मी खोटी, ती खोटी, कुत्रीसुद्धा खोटी!"

"तू पण त्यांच्यातली झालीस," म्हणाले. आवाज चढवला नाही. हल्ली तो चढतच नाही, पुटपुटल्यासारखा येतो. चेहऱ्यावर रेघ नाही. त्याचाच जास्त संताप आला. माणसाने निदान लाजावं तरी!

देवाजवळ बसले, पण मागायला तोंड नव्हतं.

१४ मे

आज मीच उभी राहून मास्तरीणबाईंचं अंगण उलगडायला लावलं. गवत उचललं, तर खालचा फोम भिजून काळा झालेला, पावासारखा फुगलेला. पिळला तर ओघळ. कंपनीचं ते पोर खरं बोललं होतं. भोकांतून आलेलं सगळं फोमने पिऊन ठेवलं होतं. तो फोम मी पाव किमतीत आणला होता.

हे बघत राहिले. मग त्यातला एक तुकडा तोडून नाकाशी नेला. मास्तरीणबाई "अहो, नको!" म्हणून ओरडल्या. यांनी तो हुंगला. परत हुंगला. मग तुकडा हळूच खाली ठेवला, काचेची वस्तू ठेवावी तसा, आणि हात धुवायला गेले. किती वेळ नळ चालू होता. पाणी वाया चाललंय म्हणायला मी गेले, पण म्हणवलं नाही.

आम्ही अजून बोलत नाही. ताट वाढते, उचलते. आज भाजीवर इतकं मीठ घालून घेतलं की मला ती शिक्षाच वाटली. गेली दोन वर्षं हेच चाललंय, माझ्या हाताला चव नाही, हे नाही, ते नाही.

१९ मे

आज कळलं.

सकाळी दूध गॅसवर ठेवून मी वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालायला गेले. हे शेगडीपासून हातभर अंतरावर पेपर वाचत होते. करपल्याचा वास मला वर आला. धावत खाली आले तर भांडं काळं ठिक्कर, आणि हे शेगडीकडे पाठ करून शांत बसलेले. मी ओरडले, "अहो, जळतंय!" तेव्हा वळले. धूर दिसला तेव्हा दचकले. त्याआधी नाही.

मी भांडं ओट्यावर ठेवलं. काय वाटलं कोण जाणे, त्यांना डोळे मिटायला लावले. कांदा चिरून नाकाशी धरला. "काय आहे?"

"काय आहे?" त्यांनीच विचारलं.

कॉफीची बरणी. फिनाईल. शेवटी गोंदाचा डबा उघडला, यांचा स्वतःचा, ज्याच्या वासात तीस वर्षं गेली.

"पाणी?" म्हणाले.

मी विचारलं, "कधीपासून?"

जरा विचार करून म्हणाले, "मला वाटलं, हल्ली वस्तूच तशा येतात. साबणाला वास नाही, फळांना नाही. सगळंच भेसळ. लोक म्हणतातच ना, पूर्वीसारखं काही राहिलं नाही." मग म्हणाले, "अंगणाला वास नव्हता गं. खरंच नव्हता."

या माणसाला मी जीभ झडेल म्हणाले. मला कळेना, पाया पडू की डोकं आपटून घेऊ. खोटं बोलणारा नवरा परवडला असता. खोट्याला शपथ घालता येते, रागवता येतं, तो एक दिवस खरं बोलेल अशी आशा धरता येते. याचं काय करू?

माळ हातात घेतली. मणी पुढे सरकेना.

२ जून

पाचही अंगणं उलगडून द्यायची असं ठरवलं. पैसे कुठून, ते इथे लिहीत नाही, माझ्या गळ्यालाच माहीत. दोन झाली. यांच्या हातून काम फार सावकाश होतं. जोडपट्टीचं टोक चिमटीत येत नाही, मी सुटं करून देते. मीच आता नाक. खडी धुऊन झाली की मी वाकून हुंगते आणि सांगते, "हं, घाला." हे माझ्या तोंडाकडे बघत उभे राहतात, निकाल लागायचा असल्यासारखे.

आज जनावरांच्या डॉक्टरांचं अंगण. म्हातारे आहेत, तिरकस बोलतात, पण चहा स्वतः करून आणला. अंगण का उलगडतोय ते सांगताना यांना वास येत नाही हे त्यांना सांगावंच लागलं होतं. हे खडीची पाटी रिकामी करायला गेले तेव्हा डॉक्टर त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. म्हणाले, "तुमच्या यजमानांचा उजवा हात चालताना हलत नाही."

मी म्हटलं, "दमलेत."

"पायही ओढतात. वळताना तीन-चार तुकड्यांत वळतात. रात्री झोपेत लाथा झाडतात का?"

झाडतात. महिने झाले. स्वप्नात कुत्री मागे लागतात म्हणतात, मी हसून घालवलं होतं. पण परक्याला का सांगू? म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही कुत्री तपासा की."

रागावले नाहीत. "बाई, मी माणसांचा डॉक्टर नाही, मान्य. पण माझा रोगी बोलत नाही, तो चालतो. चालणं बघण्यात माझं आयुष्य गेलं. वास जाणं आणि हे चालणं, दोन्ही मिळून मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. उद्याच दाखवा."

वाटेत मी एवढी चिडले होते! कुत्र्यांच्या डॉक्टरने माझ्या माणसाला फाटकाबाहेरच्या कुत्र्यासारखं नजरेनं तपासावं! हे विचारत होते, काय म्हणाले. मी म्हटलं, चहा छान होता.

घरी येताना मात्र मी मागे राहून त्यांना पुढे चालू दिलं. डावा हात हलत होता. उजवा लटकत होता, कोणी दुसऱ्याचा धरायला दिल्यासारखा.

१२ जून

नाक दाखवायला जाऊ म्हणून नेलं, नाहीतर आले नसते. मेंदूच्या डॉक्टरांनी नाकाला हातही लावला नाही. बोटं भराभर मिटायला-उघडायला लावली, हात धरून कोपर वाकवलं, चालवलं, वळवलं. एक ओळ लिहायला सांगितली. मुगापासून मोहरीपर्यंत. मी कागद वाचवतायत म्हणून खूश झाले होते ती ओळ.

कंपवात म्हणाले, वास जाणंही त्यातलंच. हळूहळू वाढेल म्हणाले, गोळ्यांनी हातपाय काही काळ चांगले चालतील, पण त्या रोज आणि वेळेवर घ्याव्या लागतील.

हे म्हणाले, "वास परत येईल?"

"तो बहुधा नाही येणार."

"मग गोळ्या कशाला?" उठलेच. डॉक्टरांनी घरात कुणाला होतं का विचारलं, तर दारातून म्हणाले, "वडील धडधाकट होते. माझी चाल त्यांचीच आहे. आमच्या घराण्याची चाल आहे ती, रोग नाही."

घरी येऊन गोळ्यांची पुडी त्यांनी गोंदाच्या डब्यावर ठेवून दिली. दोन अंगणं बाकी आहेत, ती झाल्याशिवाय काही नाही म्हणतात.

१७ जून

पुडी फोडलेली नाही. आज सुरीने तळहात कापून घेतला. सात टाके. डाव्या हाताने जेवले, मला भरवू दिलं नाही. मग आपणहून बोलू लागले, असे हल्ली बोलत नाहीत. मामंजींचं सांगत होते. मामंजी मी लग्न होऊन येण्याच्या आधीच गेले, मी त्यांना पाहिलेलं नाही. म्हणाले, "बाबा पण असेच पाय घासत चालायचे, आम्ही नक्कल करायचो. आणि अत्तराचा काय शौक! अर्धी बाटली ओतायचे अंगावर. गल्लीत शिरले की लोक नाकाला रुमाल लावायचे. म्हणायचे, अत्तरवाले लुच्चे झालेत, वासच नाही राहिला."

सांगून ते हसले. खूप दिवसांनी. चेहरा नाही हसला, गळ्यातून आवाज आला. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. मी ताट उचलून आत आले आणि पत्राचा कागद काढला.

माझं ते ऐकत नाहीत आता, आणि का ऐकावं? डॉक्टर परका. ऐकतील तर एका थोरल्या बहिणीचं, वन्संचं. त्यांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहिलं. नेहमीप्रमाणे इथे उतरवून ठेवते.

"ती. वन्संना सा. न.

इकडे आम्ही आहोत. धंद्याचं सविस्तर पुन्हा लिहीन. आज एकच विचारायचं आहे, आणि माझी भीड धरू नका. मामंजींचं शेवटी काय झालं होतं? घरात सगळे 'म्हातारपणाने गेले' एवढंच सांगतात, पण हिशेब केला तर ते जाताना साठीचेही नव्हते. अत्तराचा वास त्यांना येत होता का? पाय घासत चालणं कधी सुरू झालं, आणि त्यानंतर किती वर्षं स्वतःच्या हाताने जेवले? घास कोण भरवायचं? तुम्ही की सासूबाई?

तुमच्या भावाला तेच झालंय असं डॉक्टर म्हणतात. औषध आहे, मामंजींच्या वेळी नव्हतं, आता आहे. पण हे घेत नाहीत, वडील धडधाकट होते म्हणतात. त्या वेळी हे लहान होते, तुम्ही थोरल्या, तुम्ही सगळं बघितलंत. उत्तर मला लिहू नका. त्यांच्या नावे लिहा, अक्षर मोठं काढा, आणि जसं झालं तसं लिहा, गोड करून नको. मी एकदा त्यांना खोटं ठरवलं, आता माझ्या तोंडून हे खरं त्यांना ऐकवणं व्हायचं नाही. वाचून मोडले तर मी इथे आहे. न वाचता गेले तर मी काय करू?

पाकिटाला जास्तीचं तिकीट लावून सोबत ठेवलं आहे. वन्सं, उलट टपाली लिहा."